एकाच फांदीवर दोन शॅमेलिऑन? मैत्री नाही ती!

नमस्कार मंडळी! हा फोटो तुम्हीही पाहिला असेल. पिंजऱ्यात दिव्याखाली दोन पाळीव शॅमेलिऑन (रंग बदलणारे सरडे), एक जवळजवळ दुसऱ्याच्या पाठीवर. खाली सगळे लिहितात, 'किती गोड!' मला मात्र वरचा खालच्याच्या वाटणीचं ऊन खाताना दिसतो.

पिंजऱ्यातलं ऊन म्हणजे एक गरम दिवा आणि एक यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी, ट्यूब. यूव्हीबी मिळालं नाही तर अंगात ड-३ जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही, कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, हाडं मऊ पडतात, पाय वाकतात. आणि मोक्याची फांदी एकच असते. वरचढ तिथे बसतो, दुसरा पानांआड. चावाचावी नाही, आवाज नाही. मालक खूश: 'आमचे दोघं छान जुळवून घेतात.'

अहो, यांची भांडणं बरीचशी नजरेनेच होतात. येमेनचा व्हेल्ड शॅमेलिऑन घ्या. समोर दुसरा नर दिसला की अंग चपटं करून मोठं दाखवतो, रंग उजळतात. हार मानणारा काळवंडतो. जंगलात तो निघून जातो. चार फुटी पिंजऱ्यातून कुठे जाणार? डोळे तर असे की समोरचा सतत दिसतच राहतो. काहींना काचेतलं स्वतःचं प्रतिबिंबही सहन होत नाही!

दबलेला खाणं कमी करतो, दिवसा डोळे मिटून बसतो. ही 'झोप' दिसली की समजा, प्रकरण बरंच पुढे गेलंय.

'मग नर-मादी ठेवू?' हे तर त्याहून वाईट. व्हेल्डची मादी गाभण झाली की गडद होते, अंगावर निळे-पिवळे ठिपके येतात, नर जवळ आला की तोंड उघडून डुलते. म्हणजे स्पष्ट नकार. पण नर तिथेच! एका वेळी तीस-चाळीस अंडी सहज, त्यासाठीचं कॅल्शियम तिच्याच अंगातून जातं. शिवाय ती शुक्राणू साठवून ठेवते, एका मीलनावर पुढचीही अंडी फळू शकतात. पिल्लं हवीच असतील तर देखरेखीखाली थोडा वेळ एकत्र आणा, मग लगेच वेगळे.

पिल्लं सुरुवातीला एकत्र चालतात, पण वाढायला लागली की एकमेकांच्या शेपट्या चावतात. आणि पालीसारखी यांची शेपटी परत येत नाही.

जाता जाता: आपल्या रानातला घोयरा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. 'जोडीला' म्हणून त्याला घरी आणू नका, गुन्हा आहे.

तर दोन पिंजरे घ्या, मध्ये आरपार न दिसणारा पत्रा किंवा पुठ्ठा लावा. दबलेल्याचं वजन दर आठवड्याला करा. वाढत नसेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडे न्या, आणि विष्ठेचा नमुना दोघांचाही घ्या. एकत्र राहिलेत म्हटल्यावर जंत एकाकडेच असतील असं नाही.