राजीनाम्याआधी: जपानमधला फ्रीलान्स अनुवादक

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा आता चांगली जुनी आहे. रानडे इन्स्टिट्यूट म्हणा, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ म्हणा, तिथून शिकून बाहेर पडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या मनात एन-टू, म्हणजे जपानीच्या परीक्षेची वरून दुसरी पातळी, पास झालं की एक चित्र असतं. तोक्योत लहानशी खोली, टेबलावर लॅपटॉप, वर साहेब नाही, आणि लेखन-अनुवादावर पोट. असं जगणारे परदेशी लोक तिथे आहेत. मात्र त्यातल्या बहुतेकांनी आधी तिथे नोकरी केलेली असते.

हे काही आजचं नाही. लाफ्कादिओ हर्न हा लेखक 1890 साली एका अमेरिकी मासिकासाठी लिहायचं काम घेऊन योकोहामाला उतरला आणि लवकरच त्याचं प्रकाशकांशी बिनसलं. मग मात्सुएच्या शाळेत इंग्रजीची मास्तरकी, पुढे कुमामोतोत तेच, मग कोबेला एका इंग्रजी वृत्तपत्रात नोकरी. 1896 साली तो जपानी नागरिक होऊन कोइझुमी याकुमो झाला आणि तोक्योच्या विद्यापीठात शिकवू लागला. आज त्याला ओळखतात ते त्याच्या भुताखेतांच्या गोष्टींमुळे. घर मात्र बहुतेक काळ पगारावर चाललं.

आज यात व्हिसाची भर पडली आहे. अनुवाद आणि दुभाष्याचं काम ज्या व्हिसात बसतं त्याचं नाव लांबलचक आहे. तिथले परदेशी त्याला 'गिजिनकोकु' म्हणतात. एकट्याने काम करूनही तो मिळू शकतो, पण जपानमधल्या संस्थांशी करार हवेत आणि त्या करारांतून नीट जगता येईल असं इमिग्रेशनला पटलं पाहिजे. पुण्यातल्या किंवा लंडनमधल्या गिऱ्हाइकाचे ईमेल दाखवून भागत नाही. असे करार नवख्याला कोण देणार? म्हणून दोन-तीन वर्षं कंपनीत काढायची, तिच्या नियमांत बसत असेल तर संध्याकाळी बाहेरचं काम घ्यायचं, आणि गिऱ्हाइकं जमली की मग सुटायचं. नवरा किंवा बायको नोकरीला म्हणून सोबत गेलेल्यांनी विशेष ऐका. घरी बसून केलेला अनुवादसुद्धा तिथे काम धरला जातो आणि त्याला वेगळी परवानगी लागते.

आता काम कसलं? कथा-कादंबऱ्यांचं स्वप्न जरूर बाळगा, पण भाडं निघतं ते यंत्रांच्या माहितीपुस्तिका, पेटंटं, करार आणि कंपन्यांच्या अहवालांवर. एप्रिल 2025 पासून तोक्यो शेअर बाजाराने प्राइम, म्हणजे सर्वात वरच्या विभागातल्या कंपन्यांना आर्थिक निकाल जपानीबरोबर इंग्रजीतही देणं बंधनकारक केलं आहे. एजन्सी आधी 'ट्रायल' देते, म्हणजे चाचणीचा उतारा. पुष्कळ जाहिरातींत 'नेटिव्ह इंग्रजी' असं लिहिलेलं असतं आणि आपलं नाव वाचूनच काही जण अर्ज बाजूला ठेवतात. हे खटकतं, खटकायलाच हवं. त्यावर मला दिसलेला उपाय एकच, विषयाचं ज्ञान. ज्याने चाकणच्या कारखान्यात गिअरबॉक्स उघडलेला पाहिला आहे, त्याचं भाषांतर गिऱ्हाईक परत पाठवत नाही. नुसत्या भाषेवर उभं राहायचे दिवस तसेही संपत आले. हल्ली यंत्राने केलेला मसुदा सुधारून द्या म्हणतात, आणि दर कमी लावतात. मसुदा वाईट असेल तर मेहनत दुप्पट पडते, म्हणून नमुना पाहिल्याशिवाय दर कबूल करू नका.

पैशांचं बोलू. पद्धत अशी की महिनाअखेर हिशेब बंद होतो आणि रक्कम पुढच्या महिनाअखेरीला खात्यात येते, म्हणजे पहिले दोन महिने साठवणीवर. अनुवादाच्या बिलातून साधारण 10.21 टक्के कर आधीच कापलेला असतो. 16 फेब्रुवारी ते 15 मार्चच्या दरम्यान विवरणपत्र भरायचं, जास्त कापला गेला असेल तर तेव्हा परत मिळतो. धंदा सुरू केल्यापासून दोन महिन्यांच्या आत 'आओइरो', म्हणजे निळ्या विवरणपत्राचा अर्ज द्या. हिशेब दुहेरी नोंदीने ठेवून विवरणपत्र ऑनलाइन भरलं, तर 6 लाख 50 हजार येनपर्यंत वजावट मिळते. आरोग्यविमा आणि पेन्शनचे हप्ते स्वतः भरायचे, आणि वेळेवर. पुढे कायम वास्तव्याचा अर्ज केलात की ते हप्ते कधी भरले हे बघतात.

ऑक्टोबर 2023 पासूनची इन्व्हॉइस पद्धत लहान माणसाला जाचकच आहे. वर्षाची उलाढाल 1 कोटी येनच्या आत असेल तर एरवी उपभोग कर, म्हणजे आपल्या जीएसटीसारखा कर, भरावा लागत नाही. पण या पद्धतीतला नोंदणी क्रमांक नसेल तर गिऱ्हाइकाला तुमच्या बिलावरच्या कराची पूर्ण वजावट मिळत नाही. क्रमांक घेतला की कर तुमच्या गळ्यात. उलट नोव्हेंबर 2024 चा फ्रीलान्स कायदा आपल्या बाजूचा आहे. कामाच्या अटी लिहून द्याव्या लागतात आणि केलेलं काम गिऱ्हाइकाच्या हाती पडल्यापासून 60 दिवसांत पैसे. तोंडी 'बघू नंतर' ऐकून घ्यायचं कारण उरलेलं नाही.

आणि एक, जे कोणी आधी सांगत नाही. पगारपत्रक नसलेल्या परदेशी माणसाला घरमालक सहसा दारात उभं करत नाहीत, क्रेडिट कार्डवालेही नाहीत. घर बदलायचं असेल, कार्ड काढायचं असेल, तर ते राजीनाम्याच्या आधी उरकून घ्या. नमस्कार.