घटप्रभेचं पाणी, संध्याकाळची लाइट

[पडदा काळा. पाण्याचा आवाज. मग हळूहळू दृश्य उजळतं.]

ऑगस्ट महिना. बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकच्या धबधब्यासमोर आपण उभे आहोत आणि शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतंय. पाण्याचा रंग चहासारखा, तोही टपरीवर सकाळपासून उकळत ठेवलेल्या चहासारखा. घटप्रभा इथं घोड्याच्या नालेसारख्या वळलेल्या कड्यावरून एका दमात ५२ मीटर खाली येते. झुलत्या पुलाकडे पोरं फोटो काढताहेत. मागं एक बाई पुठ्ठ्यानं निखारे फुलवत कणसं भाजतेय. तुषार इतके उडताहेत की तिचा निखारा सारखा चुरचुरतोय.

[त्याच जागेचं मे महिन्यातलं दृश्य.]

आणि हीच जागा मे महिन्यात. कोरडा कातळ, फटीतून ओघळणारी एक धार, खाली डबक्यात बगळा. पाणी गेलं कुठं? वरच्या अंगाला, धुपदाळला. ब्रिटिशांनी १८९७ साली पुरा केलेला बंधारा तिथं आहे. नदी तिथून कालव्यात वळते आणि उसाच्या मुळाशी जाते.

पाण्याच्या विजेबद्दल बोलणाऱ्यानं ही दोन्ही दृश्यं दाखवावीत. एरवी माहितीपटात फक्त ऑगस्टच दिसतो.

गोकाकच्या माणसाला या पाण्याचा मोठा अभिमान. १८८५ साली इथं सूतगिरणीची स्थापना झाली, तीच मुळी या धबधब्याच्या भरवशावर. पाणी वरून नळातून खाली सोडायचं, त्यानं टर्बाइन फिरवायचं, त्यावर चात्या फिरवायच्या. १८८७ सालीच इथं पाण्यावर वीज तयार झाली, असं गोकाकात कुणीही छातीठोकपणे सांगेल. पुस्तकांत पहिल्या जलविद्युत केंद्राचा मान दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंगला, म्हणजे १८९७ ला मिळतो. मान कुणीही घ्यावा. कोळशाच्या खाणी शेकडो मैल लांब असताना या माळावर कापसाचं सूत निघालं, ते पडत्या पाण्यामुळं.

आता थोडं गणित करू. घाबरू नका, टँकरचं गणित आहे.

विजेचं एक युनिट म्हणजे काय? हजार वॅटची पाणी तापवायची कॉइल तासभर चालली की एक युनिट जळतं. दोन बादल्या पाणी अंघोळीला तापलं, झालं. तेवढं एक युनिट गोकाकच्या धबधब्यातून काढायचं असेल, तर जवळपास आठ हजार लिटर पाणी ५२ मीटर खाली पडावं लागतं. उन्हाळ्यात आपल्या गल्लीत येतो तो पाच हजारांचा टँकर डोळ्यांसमोर आणा. दीड टँकरहून जास्त पाणी पडतं तेव्हा दोन बादल्या तापतात!

पण यातली मेख उंचीत आहे. कडा दसपट उंच असेल तर पाणी दसपटीनं कमी लागतं. म्हणून विजेसाठी नुसती मोठी नदी असून भागत नाही, उतार लागतो. आणि बेळगावच्या पश्चिमेला सह्याद्री अंगणातल्या पायरीसारखा तुटलाय. चंदगडच्या माळावर अडवलेलं तिलारीचं पाणी घाट उतरून खाली वीजघरात येतं, ६६ मेगावॅट वीज देतं (एक मेगावॅट म्हणजे मघाच्या हजार कॉइली एकाच वेळी चालतील एवढी), आणि वीज देऊन झाल्यावर तेच पाणी कोकणात नि गोव्यात शेतीला जातं. टर्बाइन पाणी पीत नाही, फक्त त्याच्या पडण्याचा उपयोग करून घेतं. हिडकलला घटप्रभेवरही तसंच: ५१ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी) धरण शेतीसाठी बांधलं, पायथ्याशी ३२ मेगावॅटचं वीजघर बसवलं. खाली सोडायच्या पाण्याकडून जाता जाता करून घेतलेलं काम आहे हे. खानापूरच्या पलीकडे, जोयडा-दांडेलीच्या बाजूला, काळी नदीवर सुपा, नागझरी, कोडसळ्ळी, कद्रा अशी वीजघरांची माळच आहे. सगळी मिळून बाराशे मेगावॅटच्या वर.

[रात्र. शेताचा बांध. बॅटरीचा उजेड हलतोय.]

हे झालं जुनं. भविष्याशी याचा संबंध काय, ते मला एका शेतकऱ्याच्या बांधावर नीट कळलं. मार्कंडेय नदीच्या काठचं गाव. रात्रीचे दोन. थ्री-फेज लाइट आली म्हणून हे गृहस्थ उठून पंप चालू करायला निघालेत. एका हातात काठी, दुसऱ्यात बॅटरी.

"दिवसा लाइट असली की घरातलं कुणीपण बटण दाबतंय," ते म्हणाले. "रात्री मलाच यायला लागतंय की. बांधावर साप असतोय. पाय कुठं टाकायचा ते बघतच चालायचं."

यावर उत्तर आहे, आणि ते आभाळातच आहे. कर्नाटकात सौरऊर्जा भरपूर झालीय. दुपारी एकला ऊन फुकट सांडतंय. दिवसाचे पंप त्यावर चालावेत, चालतीलही. पण संध्याकाळी सात वाजता काय? त्याच वेळेला बेळगावात दिवे लागतात, मिक्सर फिरतात, टीव्ही लागतो, आणि सूर्य नेमका तेव्हाच घरी गेलेला असतो. वाऱ्याचं तर विचारूच नका. तो पाहुण्यासारखा, येईल तेव्हा येईल. कोळशाचं केंद्र थंड पडलेलं असेल तर पेटवून पूर्ण ताकदीला आणायला कित्येक तास जातात. पाण्याचं टर्बाइन काही मिनिटांत सुरू होतं. झडप उघडा, वीज घ्या. झडप मिटा, पाणी शिल्लक.

५ एप्रिल २०२० आठवतंय? रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करून पणत्या लावल्या होत्या आपण. देशाची विजेची मागणी त्या काही मिनिटांत ३० हजार मेगावॅटहून जास्त कोसळली आणि लगेच पुन्हा वर आली. वीजजाळं कोलमडेल अशी भीती होती. तो झोक सावरण्यात सगळ्यात मोठा वाटा जलविद्युत केंद्रांचा होता. आपण गॅलरीत पणत्या सांभाळत होतो, आणि कुठंतरी डोंगराच्या पोटात माणसं टर्बाइन कमी-जास्त करत होती.

म्हणून माझं म्हणणं असं: पाण्याकडे यापुढं रोजची मोलमजुरी करणारा गडी म्हणून बघू नये. ते काम ऊन-वाऱ्याला द्यावं. पाणी राखीव ठेवावं, अडीनडीला.

[सौंदत्तीचा डोंगर, पवनचक्क्या, खाली रेणुकासागर.]

सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला गेलेल्यांनी हा देखावा पाहिलाय. "उदो गं आई उदो" म्हणत डोंगर चढायचा, वर माळावर पवनचक्क्या गरगरताहेत, आणि खाली मलप्रभेचा अडवलेला जलाशय, रेणुकासागर. वर वारा आणि ऊन, खाली पाणी, मधे उंची. याच मांडणीवर इथं हजार मेगावॅटहून मोठा पंप्ड स्टोरेज प्रकल्प आकाराला येतोय. नाव अवघड आहे, काम विहिरीवरच्या टाकीसारखं. दुपारी स्वस्त वीज असते तेव्हा खालचं पाणी वरच्या तळ्यात चढवायचं, संध्याकाळी तेच खाली सोडून वीज काढायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पाणी. शंभर युनिट घातले तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. उरलेले वाटेत जातात, पण सातच्या विजेचं मोल दुपारच्या विजेला कुठलं? शिवाय वीजघर टिकतं. कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी १९०२ साली सुरू झालेलं शिवनसमुद्रचं केंद्र, यंत्रं बदलत का होईना, अजून चालतंय.

[हिडकलचा जलाशय. पाण्याबाहेर आलेलं दगडी देऊळ.]

इथं मात्र जरा थांबावं लागतं.

हे हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ. हिडकलच्या पाण्यात गाव गेलं, देऊळही गेलं. पाणी उतरलं की ते पुन्हा वर येतं. भेगाळलेल्या गाळातून चपला हातात घेऊन माणसं दर्शनाला येतात. दगडावर पाण्याच्या पातळीच्या रेघा उमटल्यात, कितीतरी, एकाखाली एक. खांबाला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं समोरच्या मोकळ्या चिखलाकडे बोट करून सांगितलं, "तिथं आमचं स्वयंपाकघर होतं." मी बघितलं. तिथं एक फुटकी घागर आणि शिंपले होते.

जुनं सुपा गावही असंच बुडालं. तिथली माणसं रामनगरला येऊन वसली, तालुक्याचा कारभार जोयड्याहून चालू लागला. काळीची वीज बंगळुरापर्यंत पोचली.

त्यामुळं नवं धरण म्हटलं की या भागात कुणी टाळ्या वाजवत नाही, आणि वाजवूही नयेत. म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या लवादानं १४ ऑगस्ट २०१८ ला कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं, त्यातलं ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी आहे. म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायच्या कळसा-भांडुऱ्याच्या भांडणात हा आकडा कुणाच्या तोंडी नसतो. ती वीज काढायची म्हणजे खानापूरच्या दाट जंगलात, भीमगड अभयारण्याच्या शेजारात, धरण आलं. पाण्याच्या विजेची बाजू मांडणारा मी, पण तिथं माझी मान हलत नाही. जी धरणं झालीत, जे बंधारे शंभर वर्षं उभे आहेत, कालव्याचं पाणी जिथं जिथं पायरी उतरतं, तिथं आधी टर्बाइन बसवा. डोंगरावरची तळी करायची तर नदीच्या पात्राबाहेर करा, आणि ज्याची जमीन जाईल त्याच्या घरी आधी जा.

पावसाचा भरवसा नाही, हेही खरं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घटप्रभेनं गोकाकात घरं बुडवली, आणि २०२३ ला त्याच जिल्ह्यात दुष्काळ जाहीर झाला. सगळी भिस्त पाण्यावर ठेवलेलं राज्य अशा वर्षी अंधारात बसतं. म्हणून तर ऊन सोबतीला हवं.

[पाऊस. कौलारू घर. ओढ्याचा आवाज.]

शेवटचं ठिकाण कणकुंबीच्या बाजूला. मलप्रभा इथंच उगम पावते. आषाढ लागला की इथं दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. वाडीतल्या एका घराच्या कौलांवर सरकारी योजनेतलं सोलरचं पॅनेल आहे. त्यावर शेवाळ धरलंय. दिवा संध्याकाळी अर्धा तास लागतो आणि मग मिणमिणतो. आणि घराच्या मागं, वीस पावलांवर, ओढा इतका फोफावलाय की कुत्रं पलीकडं जायला धजत नाही.

सेकंदाला वीस लिटर पाणी दहा मीटरचा उतार उतरलं, तर लहानशा टर्बाइनमधून किलोवॅटभर वीज निघते. आठ-नऊ वॅटचे एलईडी दिवे धरले तर वाडीतल्या साऱ्या घरांना पुरून उरेल एवढी. इथला ओढा वीस लिटरवर थांबणारा नव्हे. ऊन जातं तेव्हाच तो येतो, आणि दिवाळीनंतर तो आटत जातो तेव्हा पॅनेल पुन्हा तापायला लागतं.

घरमालकाला मी हे सांगितलं. त्यांनी खोऱ्यानं पन्हाळीतला पालापाचोळा ओढत ऐकून घेतलं.

"आजा माझा या ओढ्यावर भात कांडायचं चाक लावूया म्हणायचा," ते म्हणाले. "राहून गेलं बघा."

मग खोरं भिंतीला टेकवून ते मागच्या दारी गेले, आणि ओढा नेमका कुठून उडी घेतो ती जागा आम्हाला दाखवली.