दाब वाटून घेणारे वायू

नमस्कार मंडळी. आज आंशिक दाब, म्हणजे मिश्रणातल्या एकेका वायूच्या वाट्याला येणारा दाब. गणित छोटंसं आहे, जॉन डाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1801 च्या सुमाराला मांडलेलं. मिश्रणातल्या प्रत्येक वायूचा मोलमधला (मोल म्हणजे डझनासारखं, कण मोजायचं एकक) वाटा काढायचा आणि त्याला एकूण दाबाने गुणायचं, बास. परत सांगतो, वाटा गुणिले एकूण दाब. हवेत ऑक्सिजन 21 टक्के, समुद्रसपाटीला दाब पाऱ्याचे 760 मिलिमीटर, म्हणजे ऑक्सिजनचे झाले साधारण 160.

आता मला जे सांगायचंय ते. 15 एप्रिल 1875, पॅरिसहून झेनिथ नावाचा बलून वर गेला, त्यात तिघं होते, तिसांदिए, क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल. पॉल बेर या शास्त्रज्ञाने कमी दाबाच्या खोलीत प्रयोग करून दाखवलं होतं की जीव जातो तो ऑक्सिजनचा आंशिक दाब पडल्याने, म्हणून यांनी ऑक्सिजन मिसळलेल्या हवेच्या पिशव्या सोबत घेतल्या, पण साठा थोडा, तो अगदी गरज पडली की वापरू असं ठरवलं. आणि गरज पडली तेव्हा, तिसांदिएने नंतर लिहिलंय, नळी समोर होती आणि हात उचलेना. आठ हजार मीटर झाले हे ओरडून सांगायचं होतं, तर जीभच हलेना. तो बेशुद्ध पडला. शुद्धीवर आला तेव्हा दोन्ही सोबती गेलेले होते. तो वाचला, पण त्याचे कान गेले.

त्या उंचीवर एकूण दाब साधारण 267 मिलिमीटर. ऑक्सिजन तिथेही 21 टक्केच बरं का, "वर ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं" असं लोक सर्रास म्हणतात ते चूक आहे, प्रमाण तेच, दाब कमी. 267 चे 21 टक्के म्हणजे 56. कुठे 160 आणि कुठे 56! तेच पिशवीत समजा 70 टक्के ऑक्सिजन असेल तर 187, म्हणजे जमिनीपेक्षाही जास्त. मला तर वाटतं शाळेत सूत्राच्या आधी ही गोष्ट सांगावी, आणि हे गुणाकार मुलांनी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून हातानेच करावेत, हाताने केलं की आकडा अंगात भिनतो, पाढे पाठ करण्यावर हल्ली लोक नाक मुरडतात ते मला पटत नाही.

असो. वाटा मोलचा, वजनाचा नाही. मोलचा! 32 ग्रॅम ऑक्सिजन म्हणजे 1 मोल, 8 ग्रॅम हेलियम म्हणजे 2 मोल. एकूण दाब 6 वातावरण (1 वातावरण म्हणजे समुद्रसपाटीचा दाब) असेल तर ऑक्सिजनचे 2, हेलियमचे 4, वजन चौपट असलं तरी ऑक्सिजनचा दाब निम्माच.