बाग गावात, पगार मुंबईत

मंडळी, रत्नागिरीत टॅक्सवर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आंब्याला टॅक्स नाही ना?" नाही. 1961च्या आयकर कायद्याच्या कलम 10(1)नुसार शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. (इथे कलम म्हटलं की तुम्हाला हापूसचं आठवणार, मी कायद्याचं म्हणतोय.) 1 एप्रिल 2026पासून नवा कायदा लागू, कलमांचे आकडे बदलले, सूट कायम.

गोची होते ती चाकरमान्याची. समजा, सगळ्या वजावटी जाऊन मुंबईतल्या पगाराचं करपात्र उत्पन्न 16 लाख आहे. नव्या करप्रणालीत 2025-26च्या दरांनी कर होतो 1 लाख 20 हजार. आता गावच्या बागेतून खर्च जाता 4 लाख सुटले. कर त्या 4 लाखांवर लागत नाही, पण दर ठरवताना ते मोजले जातात. आधी 20 लाखांवरचा कर काढायचा: 2 लाख. मग बागेचे 4 लाख आणि 4 लाखांची मूळ सूट (ज्या रकमेपर्यंत दर शून्य), अशा 8 लाखांवरचा कर, म्हणजे 20 हजार, त्यातून वजा करायचा. उरले 1 लाख 80 हजार. म्हणजे करमुक्त आंब्यापायी 60 हजार जास्त, वर 4 टक्के सेस वेगळा! शेतीचं निव्वळ उत्पन्न 5 हजारांच्या वर आणि बाकीचं उत्पन्न मूळ सूटमर्यादेच्या वर असलं की हा हिशेब लागू होतो. ज्याला नुसती बागच आहे, त्याने निवांत झोपावं.

'निव्वळ' शब्दाकडे लक्ष द्या. वाशीच्या बाजारातून आलेली पट्टी, म्हणजे दलालाने पाठवलेला विक्रीचा हिशेब, काढून बघा. वर पेट्या आणि भाव, खाली हमाली, गाडीभाडं वजा. त्यातून फवारण्या, राखणदार, आंबे काढणाऱ्यांची मजुरी, पेट्या आणि पेंढा वजा करा. फवारणीवाल्याची पावती नसते, मला ठाऊक आहे. निदान वहीत तारीख टाकून लिहा. आपल्याकडे पट्ट्या गणपतीपर्यंत फळीवर असतात, नंतर चुलीत जातात.

फळ विकलं तर शेती. रस काढून डबाबंद केला की त्यात वापरलेल्या आंब्याच्या बाजारभावाइतकं शेतीचं, बाकी नफा धंद्याचा, त्यावर कर. पर्यटकांना खोल्या दिल्यात तर खोली बागेत असली तरी ते भाडं शेतीचं होत नाही.

आणि सातबारा! त्यावर चौदा नावं, बाग करतो एक भाऊ, पट्टी तिसऱ्याच्याच नावाने फाटते. पैसे कुणाच्या खात्यात गेले आणि कुणाला किती वाटा दिला, हे मोहोर येण्याआधी घरात बसून कागदावर लिहा. पेट्या गाडीत चढल्यावर कुणालाच वेळ नसतो.