वाटेतून परतणारा शिष्य

श्रोतेहो, नमस्कार.

गुरूचा विषय निघाला की आपल्या ओठांवर पहिला शब्द येतो तो कृपा. गुरुकृपेबद्दल मला आदर आहे, पण आज मी बोलणार आहे शिष्याच्या पावलांबद्दल. गुरूकडे जाणाऱ्या आणि, मला त्याहून मोलाच्या वाटतात त्या, गुरूकडे परत फिरणाऱ्या पावलांबद्दल.

छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात एक कथा आहे. ज्याला म्हातारपण नाही, मरण नाही, शोक नाही, तहानभूक नाही, असा आत्मा शोधावा, जाणून घ्यावा, असं प्रजापतींनी सांगितलं. ते देवांच्या कानी गेलं आणि असुरांच्याही. देवांमधून इंद्र निघाला, असुरांमधून विरोचन. एकमेकांशी काही न ठरवता, हातात समिधा, म्हणजे शिष्य होऊ पाहणारा गुरूकडे नेतो ती होमाची लाकडं, घेऊन दोघं प्रजापतींपाशी आले आणि 32 वर्षं ब्रह्मचर्यानं राहिले. त्यानंतर कुठे प्रजापतींनी विचारलं, "कशाच्या इच्छेनं राहिलात?"

दोघांनी इच्छा सांगितली. प्रजापती म्हणाले, डोळ्यात जो पुरुष दिसतो, तो आत्मा. मग पाण्यानं भरलेल्या पात्रात त्यांना डोकवायला लावलं. केसांपासून नखांपर्यंत हुबेहूब आपलंच रूप! नटूनथटून पुन्हा पाहा म्हणाले, तर प्रतिबिंबही नटलेलं. दोघं तृप्त झाले आणि निघाले. आत्मा न गवसताच हे चाललेत, हे प्रजापतींना दिसत होतं. तरी त्यांनी मागून हाक मारली नाही.

ही गोष्ट मला बरीच वर्षं खटकत असे. समजलेलं नाही हे दिसतंय, मग गुरू थांबवत का नाही? आता वाटतं, थांबवून उपयोग नव्हता. मनात शंकाच नसेल, तर दुसरं उत्तर ठेवायचं कुठे?

विरोचन असुरांकडे पोचला आणि सांगू लागला की देह हाच आत्मा, त्याचीच पूजा करा. इंद्र मात्र देवांपर्यंत पोचलाच नाही. वाटेतच त्याच्या मनात आलं, देह सजला तर प्रतिबिंब सजतं. मग देह आंधळा झाला तर तेही आंधळं होणार, आणि देह गेला की तेही जाणार. यात मला हित दिसत नाही.

तो परतला. आणखी 32 वर्षं राहिला. या वेळी प्रजापतींनी स्वप्नात वावरणाऱ्याबद्दल सांगितलं. इंद्र पुन्हा निघाला, पुन्हा अर्ध्या वाटेवर अडला. स्वप्नातही माणूस भितो, रडतो, मग हा आत्मा कसा? पुन्हा 32 वर्षं. तिसऱ्या वेळी गाढ झोपेबद्दल ऐकलं आणि तेही पटेना, कारण त्या झोपेत तर 'हा मी' एवढंही भान राहत नाही. मग शेवटची पाच वर्षं. सगळी मिळून 101.

श्रोतेहो, पहिली 32 वर्षं दोघांचीही सारखीच होती, हे ध्यानात घ्या. तेच ब्रह्मचर्य, तोच गुरू, तोच उपदेश. नियम पाळण्यात विरोचन उणा पडला असं कथा कुठेही म्हणत नाही. उणा पडला तो उत्तर मिळाल्यावर. सोयीचं उत्तर मिळालं आणि त्याचं मन तिथेच विसावलं. इंद्रानं मनाला विसावू दिलं नाही. माझ्या मते आत्मसंयमाची खरी परीक्षा ही आहे. उपास, पहाटेचं उठणं, मौन हे सगळं हवंच. पण ठरलेली माळ पुरी झाली आणि छान वाटलं, की आपल्यातला विरोचन घरी निघालेला असतो. मी स्वतः त्याला कितीदा तरी निघताना पाहिलं आहे.

योगसूत्रांत अभ्यास दृढ होण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत: दीर्घकाळ, नैरंतर्य म्हणजे खंड न पडणं, आणि सत्कार. पहिल्या दोन आपण दिवस मोजून पाळू शकतो. सत्कार म्हणजे आदर, तो मोजता येत नाही. म्हणूनच तो आधी सुटतो.

आता गुरूबद्दल. मुंडकोपनिषद दोन लक्षणं मागतं: तो श्रोत्रिय, म्हणजे वेद जाणणारा असावा आणि ब्रह्मनिष्ठ, म्हणजे ब्रह्मात स्थिर झालेला असावा. गीता शिष्याला प्रणिपात, म्हणजे नमन, आणि सेवा सांगते, आणि त्या दोहोंच्या मध्ये परिप्रश्न, म्हणजे खोदून विचारणं, ठेवते. ज्याच्यापुढे शंका काढायची भीती वाटते, त्याच्यापाशी हा मधला शब्द हरवलेला आहे. तिथे राहू नये, असं मी स्पष्ट सांगेन. इंद्र शंका घेऊन आला तेव्हा प्रजापती रागावले नाहीत, त्यांना अपमानही वाटला नाही. ते म्हणाले, "एवमेवैष मघवन्". इंद्रा, तू म्हणतोस तसंच आहे हे.

आणि एक बारीक तपशील. तीनदा परतताना दर वेळी उपनिषद आवर्जून सांगतं की इंद्राच्या हातात समिधा होत्या. तो देवांचा राजा. त्या दारी त्यानं 32 वर्षं काढली होती, मग 64, मग 96. सवयीच्या घरात शिरावं तसा तो सरळ आत जाऊ शकला असता. पण दर वेळी नव्यानं समिधा घेऊन, पहिल्यांदाच येतोय असा तो आला.

नमस्कार.