उपग्रह शाबूत, तरी संपर्क तुटलेला

मित्रहो, भूदल, नौदल आणि हवाई दल एकाच मोहिमेत उतरतात, तेव्हा त्यांना एकमेकांशी जोडून ठेवण्याचं बरंचसं काम उपग्रह करतात. नौदलासाठी २०१३ साली जीसॅट-७ गेला, हवाई दलासाठी २०१८ मध्ये जीसॅट-७ए. दिशादर्शनाला ‘नाविक’ ही आपली उपग्रहमाला आहे. ही नावं तुमच्यापैकी अनेकांना पाठ असतील. पण यातला एखादा बंद पडला तर रणांगणावर नेमकं काय अडेल? ते कळायला सगळी मोहीम संगणकावर उभी करून पुन्हा पुन्हा लढवून पाहावी लागते. त्यालाच आपण सिम्युलेशन म्हणतो.

आपण नांदेडला बसलोय, तर नांदेडचंच गणित करू. ५०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह साधारण ९५ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी मारतो. तेवढ्यात पृथ्वी स्वतःभोवती फिरते. त्यामुळे आत्ता तो नांदेडवरून गेला, तर पुढच्या फेरीत सुमारे अडीच हजार किलोमीटर पश्चिमेला, पार ओमानच्या बाजूला असतो. म्हणजे पुन्हा इथलं चित्र हवं तर थांबायचं. त्यात श्रावणाचे ढग असले, तर साध्या कॅमेऱ्याचा उपयोग नाही. रिसॅटसारखा रडारवाला उपग्रहच हवा. चित्र घेतलं, ते जमिनीवरच्या केंद्रात उतरलं, कुणीतरी ते वाचलं, मग कमांडरच्या हाती पडलं. तोवर शत्रूचे रणगाडे जागेवर असतील का?

यातल्या प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागेल, ते ठाम सांगता येत नाही. म्हणून मॉडेलमध्ये वेळा बदलत्या ठेवून तीच मोहीम हजारो वेळा चालवतात आणि चित्र किती वेळा वेळेत पोचलं ते मोजतात. माझ्या मते खरा निकष हाच. आकाशात किती उपग्रह आहेत, ही त्यामानाने दुय्यम गोष्ट.

आणि इथे मला तुमचं लक्ष जमिनीकडे वळवायचंय. २४ फेब्रुवारी २०२२, रशियाने युक्रेनवर चाल केली तो दिवस. युरोपात इंटरनेट पुरवणाऱ्या का-सॅट या उपग्रहाच्या जाळ्यावर सायबर हल्ला झाला. उपग्रहाला धक्काही लागला नाही. निकामी झाले ते ग्राहकांकडचे हजारो मोडेम. जर्मनीसह मध्य युरोपातल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचं दूरनियंत्रणही त्यात गेलं. ज्या मॉडेलमध्ये फक्त कक्षा आणि उपग्रह आहेत, त्याने त्या दिवशी ‘सर्व ठीक’ असंच उत्तर दिलं असतं. हे मला फार गंभीर वाटतं, कारण कक्षेचं गणित सोपं म्हणून आपण तेच आधी करतो आणि बहुतेकदा तिथेच थांबतो.

आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये ‘इंडस्पेसएक्स’ हा अवकाशयुद्धाचा टेबलावरचा, म्हणजे प्रत्यक्ष सैन्य न हलवता केलेला, सराव झाला. त्याच वर्षी संरक्षण अवकाश संस्थाही आकाराला आली. या कामाला माणसं लागणार आहेत, आणि ती लातूर-परभणीच्या कॉलेजांतूनही जायला हवीत. उपग्रहांच्या कक्षांची बरीच माहिती खुली आहे, लॅपटॉप तुमच्याकडे आहेच. प्रोजेक्टला हा विषय घेतलात, तर सिम्युलेशनच्या पहिल्याच फेरीत जमिनीवरचं एक केंद्र बंद करा आणि चित्र पोचायला किती उशीर होतो ते बघा.