पटावरची नवी नावं

श्रोतेहो, नमस्कार.

नागपूरहून वर्धा रोडनं बुटीबोरीकडे निघालं की आजूबाजूच्या गावांतून लेआऊटच्या पाट्या लागतात. जिथं पऱ्हाटी नि तूर उभी राहायची, त्या वावरांत आता नंबर टाकलेले दगड रोवलेत. या गावांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळा मात्र आहेत तिथंच आहेत. जिल्हा परिषदा आल्या १९६२ साली. आपल्याकडच्या काही शाळा त्याहून जुन्या, जनपद सभेच्या, म्हणजे जिल्हा परिषदेआधी इथला स्थानिक कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या काळातल्या.

शाळा तीच, पण हजेरीपटावरची आडनावं बदलली. यादव, साहू, वर्मा. बाप कंपनीत, आई कुठं बांधकामावर. छत्तीसगडहून, बिहारहून आलेली ही माणसं गावात किरायाच्या खोल्यांत राहतात. पोरं घरून भोजपुरी नाहीतर छत्तीसगढी घेऊन येतात आणि मराठी शिकतात ती बाईंच्या आधी लंगडीच्या खेळात. "आउट झाली, बस खाली!" हे कोणाला शिकवावं लागत नाही.

पारावर ऐकू येतं, "आता आपल्या पोट्ट्यायची शाळा राह्यली नाही जी ते." बोलणाऱ्याचा नातू सकाळी पिवळ्या व्हॅननं कॉन्व्हेंटला गेलेला असतो, आणि त्या व्हॅनचे पैसे निघतात त्याच किरायाच्या खोल्यांतून. नातवाला कुठं घालावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण शाळा आपली राहिली नाही, हे मला पटत नाही.

शाळेत शिक्षक किती, हे पटावर ठरतं. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागं एक शिक्षक धरला आहे. पट उतरला की पद जातं, गुरुजींचं समायोजन दुसऱ्या गावी होतं, आणि उरलेल्या एका शिक्षकाला चार वर्ग सांभाळावे लागतात. म्हणजे गावातली जी लेकरं अजून या शाळेत आहेत, बहुतेक मजुरांची नि लहान शेतकऱ्यांची, त्यांचे गुरुजी या साहू-यादवांच्या पोरांमुळे टिकून आहेत.

हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. जन्माचा किंवा आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून लेकराला परत पाठवता येत नाही. वयाप्रमाणे वर्गात बसवावं लागतं. तुमच्या खोलीत किरायानं राहणाऱ्या बाईला हे ठाऊक असेलच असं नाही. तेवढं सांगायला काही खर्च येत नाही.

अडतं ते शाळा व्यवस्थापन समितीत. तिच्यात पाऊण सदस्य पालक हवेत आणि निम्म्या बाया. कागदावर सारं असतं, पण सभा भरते भर दुपारी, म्हणजे नेमकी ड्युटीच्या वेळी. मग हे पालक येत नाहीत आणि आपण म्हणतो, यांना लेकरांची पर्वा नाही. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. यंदाची पहिली सभा संध्याकाळी घ्या, दिवे लागल्यावर. निरोप व्हॉट्सअॅपवर टाकून थांबू नका, खोल्यांवर जाऊन द्या. आणि हिंदीत दिला तरी चालेल.